कासूहून फणसाडकडे

पनवेल–रोहा रेल्वेमार्गावर पेणनंतर कासू, मग नागोठणे आणि रोहा. रोह्याहून पुढे मुरूडच्या बाजूला रस्त्याने गेलं की फणसाड अभयारण्य. एकेकाळी ही जंजिऱ्याच्या नवाबाची शिकारीची राखीव जागा होती; १९८६ मध्ये तिला अभयारण्याचा दर्जा मिळाला. इथल्या पाणवठ्यांना ‘गाण’ म्हणतात, आणि फणसाड हे नावही अशाच एका गाणीचं. उन्हाळ्यात जनावरं तिथेच उतरतात, म्हणून गाणीकाठी तंबू ठोकू नये, हे आवर्जून सांगावंसं वाटतं. मुक्कामाची चौकशी सुपेगावला वनखात्याकडे करावी. चालताना मान वर ठेवा: उंच फांद्यांवर शेकरूची घरटी आणि झाडांना वेढलेली गारंबीची जाडजूड वेल दिसते.