गिटार घडवणारी टोरांटोची लिंडा

आपल्यापैकी पुष्कळजणींच्या माहेरी आजीच्या वेळचं एखादं शिसवी कपाट असेल. नाहीतर पाट तरी असेलच. पुसलं की काळंभोर चमकणारं आणि दोघांना उचलायलाही जड. याच शिसवीच्या दोन-अडीच मिलिमीटर जाडीच्या पातळ फळ्या कापून सातासमुद्रापलीकडे गिटारी बनवतात, हे मला अगदी अलीकडेपर्यंत ठाऊक नव्हतं. पूर्वी त्यासाठी ब्राझीलचं शिसवी वापरत. १९६० नंतरच्या दहा वर्षांत, अखेरीअखेरीस, ब्राझीलनं ओंडके परदेशी पाठवणं बंद केलं, तेव्हापासून जगभरच्या गिटारवाल्यांनी आपल्याकडच्या शिसवीची वाट धरली. पाठ आणि बाजू शिसवीच्या, आणि वरची फळी, म्हणजे आपल्या सतारीची तबली म्हणा ना, ती स्प्रूस किंवा सीडर अशा थंड मुलखातल्या हलक्या लाकडाची.

हे लाकूड हाताळण्यात जिनं उभं आयुष्य घालवलं, अशा एका बाईची गोष्ट आज सांगायची आहे. नाव लिंडा मँझर, जन्म १९५२ चा, गाव कॅनडातलं टोरांटो.

टोरांटोत त्या काळी गाण्याचं वारं शिरलं होतं. यॉर्कव्हिल नावाच्या भागात लहान लहान कॉफीची दुकानं होती. त्यांतलं 'रिव्हरबोट' फार नावाजलेलं, १९६४ साली निघालेलं. गॉर्डन लाइटफूट, जोनी मिचेल, नील यंग ही पुढे जगभर गाजलेली मंडळी तिथे हातात गिटार घेऊन गायची. घरोघरच्या मुलामुलींना गिटार हवीशी झाली. चांगली गिटार मात्र शेजारच्या अमेरिकेतून यायची आणि खिशाला परवडायची नाही.

उन्हाळ्यात तळ्यातल्या बेटांवर 'मॅरिपोसा' हा लोकसंगीताचा मेळा भरायचा. होडीतून जायचं, गवतावर बसायचं आणि ऐकायचं. तिथे कोवळ्या वयाच्या लिंडानं जोनी मिचेलला डल्सिमर वाजवताना पाहिलं. डल्सिमर म्हणजे मांडीवर आडवं ठेवून वाजवायचं एक लांबट, नाजूक वाद्य. मुलगी घरी आली ती डल्सिमरचं वेड डोक्यात घेऊनच. दुकानात गेली तर किंमत आवाक्याबाहेरची! दुकानदार म्हणाला, सुटे भाग घेऊन जा, जवळजवळ निम्म्यात पडेल, घरी जोडून घे.

खरं सांगू? मी असते तर 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणून परत आले असते. लिंडानं ते खोकं उचललं. घरी तुकडे चिकटवले, घासले, तारा चढवल्या, आणि वाद्य चक्क वाजलं. आपण बनवलेल्या लाकडाच्या पेटीतून सूर निघतो म्हटल्यावर तिला मग दुसरं काही सुचेना.

चित्रकलेचं शिक्षण चालू होतं, पण मन रमत नव्हतं. टोरांटोत ज्याँ लारिव्हे नावाचे एक फ्रेंच कॅनेडियन कारागीर होते. स्वतः एडगर म्योंख या जर्मन उस्तादाच्या हाताखाली शिकलेले, आणि आता चारदोन पोरांना हाताशी धरून गिटारी करणारे. लिंडा त्यांच्याकडे गेली. त्यांनी नको म्हटलं. कारण? कार्यशाळेत सगळे पुरुष, त्यात एक मुलगी आली की वातावरण बदलतं. कामात ती कमी पडेल असं नव्हे, तर मुलग्यांची अडचण होईल! हे कारण आपण कुठे कुठे ऐकलं आहे ते आठवून पाहा. लिंडानं वाद घातला नाही, रुसूनही बसली नाही. पुन्हा विचारलं. परत नको म्हटलं, परत विचारलं. शेवटी १९७४ साली त्यांनी तिला घेतलं.

चार वर्षं ती तिथे शिकली. गिटारीचं काम मोठं चिकाटीचं असतं. बाजूची फळी ओली करून तापलेल्या नळीवर हळूहळू वाकवायची, घाई केली की कट्‌कन मोडते. पुरीचं तेल तापलंय की नाही हे आपण जसं नुसतं बघून ओळखतो, तसा लाकडाचा ताप हातालाच कळावा लागतो. वरच्या फळीच्या आत पट्ट्या चिकटवायच्या आणि पटाशीनं तासत जायचं. मधूनमधून बोटानं टकटक करून ऐकायचं. जाड राहिली तर आवाज कोंडतो, पातळ झाली तर तारांच्या ओढीनं फळी फुगते. साध्या सहा तारांच्या गिटारीवर सत्तर-ऐंशी किलोंची ओढ असते, बरं का!

त्या कार्यशाळेत एक बाई मात्र आधीपासून होती, ती म्हणजे लारिव्हेंची पत्नी वेंडी. गिटारीच्या माथ्यावर शिंपल्याचे तुकडे जडवून त्यावर सुईसारख्या हत्यारानं ती चित्रं कोरायची. तिनं काढलेल्या विदूषकावरून लोक लांबून लारिव्हे गिटार ओळखू लागले. आतल्या चिठ्ठीवर नाव नवऱ्याचं, माथ्यावर नक्षी बायकोची. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही.

इथे जरा घरची गोष्ट सांगते. आमच्या धाकटीची गिटार बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवलेली असायची. श्रावणात तारा वर उचलल्या आणि मेमध्ये फळीला चीर गेली. दुरुस्तीला दिली तर दुकानदारानं महिनाभर ठेवून तश्शीच परत केली, वर पैसे घेतले. पुढे कळलं की दोष हवेचा. लाकूड ओल पिऊन फुगतं आणि कोरड्यात आकसतं. पावसाळ्यात आपली दारं अडकतात तसंच ते. कॅनडात उलटी तऱ्हा असते. थंडीत घरं आतून इतकी तापवतात की हवा पार शुष्क होते. म्हणून तिकडचे लोक हिवाळ्यात गिटारच्या पेटीत ओलसर स्पंजाची डबी ठेवतात. हवेतली आर्द्रता चाळीस ते पन्नास टक्के असली की गिटार सुखी असते. तुमच्या घरी गिटार असेल तर ती पेटीत ठेवा, बाहेरच्या भिंतीपासून दूर. पावसाळ्यात औषधांच्या बाटल्यांतून निघणाऱ्या त्या ओल शोषणाऱ्या पुड्या पेटीत टाका. बंद मोटारीत उन्हात तर कधीच ठेवू नका.

असो. १९७८ साली लिंडानं स्वतःचं काम सुरू केलं. ऑर्डरी मिळू लागल्यावरही तिचं शिकणं थांबलं नाही. १९८३-८४ मध्ये ती न्यूयॉर्कजवळ जेम्स डिॲक्विस्टो यांच्याकडे गेली. व्हायोलिनसारख्या फुगीर पोटाच्या, कोरीव फळीच्या गिटारी ते करत, आणि त्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. तिशी ओलांडलेली, नाव झालेली कारागीर बाई पुन्हा शागीर्द होऊन बसली, याचं मला फार कौतुक वाटतं.

त्याच सुमाराला अमेरिकेचा जाझवादक पॅट मथिनी तिच्या गिटारी वाजवू लागला होता. त्यानं एकदा विचारलं, गिटारीवर जास्तीत जास्त किती तारा बसवता येतील? असले प्रश्न विचारणारी माणसं प्रत्येक घरात असतात. आपण त्यांना हसून वाटेला लावतो. लिंडानं १९८४ साली त्याच्या हातात बेचाळीस तारांची गिटार ठेवली! चार माना, दोन तोंडं आणि तारा एकमेकींवरून तिरक्या गेलेल्या. तिचं नाव 'पिकासो', त्या चित्रकाराच्या मोडक्यातोडक्या गिटारींच्या चित्रांवरून. साधारण हजार तास त्यावर गेले. सगळ्या तारांची मिळून ओढ जवळजवळ साडेचारशे किलो, म्हणजे पन्नास किलोंची गव्हाची नऊ पोती एका पातळ पेटीवर! ती पेटी फुटली नाही. मथिनीनं १९९७ च्या 'इमॅजिनरी डे' या संग्रहात तिच्यावर वाजवलं.

या खटाटोपात एक साधी युक्ती सुचली, आणि मला ती बेचाळीस तारांहून मोठी वाटते. एवढं धूड मांडीवर घेऊन वाजवायचं म्हणजे हात अवघडतो आणि तारा दिसत नाहीत. लिंडानं पेटीची वरची, हात टेकायची कड पातळ केली आणि मांडीवरची कड जाड ठेवली. फळी आपोआप वाजवणाऱ्याकडे कलली, खांदाही सुटा झाला. 'मँझर वेज' या नावानं ही रचना आता इतर कारागीरही वापरतात. लहान चणीच्या माणसांना आणि मुलींना मोठ्या पेटीची गिटार पेलते ती अशानं.

पुढे कार्लोस सांताना, पॉल सायमन, ब्रूस कॉकबर्न यांच्यासाठी तिनं गिटारी केल्या. लाइटफूटसाठीही केली, रिव्हरबोटमध्ये गाणाऱ्या त्याच लाइटफूटसाठी. आणि मथिनीसाठी सतारीसारखी झणझणणारी एक सतार-गिटारही केली. मिरजेच्या कारागिरांनी ती हातात घेऊन बघायला हवी!

लारिव्हे १९७७ साली दूर पश्चिमेला व्हिक्टोरियाला गेले, पण त्यांनी कुठलीही विद्या झाकून ठेवली नव्हती. त्यांचे शागीर्द स्वतःचं नाव लावून गिटारी करू लागले. ग्रिट लास्किन शिंपल्याच्या जडावकामात पुढे गेले. सर्गेई द याँग यांची तर मुलगी जोशिया हीसुद्धा गिटारी घडवते. तिला कुणाच्या दारात परत परत जावं लागलं नाही, घरातच शिकली.

लिंडाच्या मनात एक कल्पना घोळत होती. कॅनडात १९२० साली सात चित्रकारांनी 'ग्रुप ऑफ सेव्हन' स्थापन करून आपल्या देशाचे डोंगर, तळी, बर्फ रंगवलं. त्या सातजणांवर सात गिटारी करायच्या, कारागीरही सात. तिनं जुन्या सोबत्यांना गोळा केलं. स्वतःकडे लॉरेन हॅरिस ठेवला, हिमशिखरं रंगवणारा. २०१७ साली, देशाच्या दीडशेव्या वर्षी, टोरांटोजवळच्या क्लाइनबर्गला मॅकमायकल कलासंग्रहालयात त्या गिटारी मूळ चित्रांच्या सोबतीनं मांडल्या गेल्या. सात कारागिरांत बाई एकच होती. आणि तिच्या बोलावण्याला मान देऊन, एक गिटार घेऊन आलेल्यांत ज्याँ लारिव्हेही होते.