सोमल, हरताळ आणि आपलं पाणी

नाशिकमध्ये बोअरचं पाणी तपासून घ्या म्हटलं, की हमखास उत्तर येतं, “आम्ही उकळूनच पितो.” उकळल्याने जंतू मरतात. पण बोअरच्या पाण्यात उतरू शकणारं आर्सेनिक हे विषारी मूलद्रव्य. ते मरत नाही. उलट पाण्याची वाफ होते आणि उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण वाढतं. त्याला ना रंग, ना वास, ना चव. ते फक्त तपासणीतच कळतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम आहे.

‘हे गंगेकाठचं दुखणं, आपल्याकडे काय?’ हे अर्धंच खरं. बंगालमध्ये हिमालयातून आलेल्या गाळात, प्राणवायू नसलेल्या थरांत, लोहाला चिकटलेलं आर्सेनिक सुटून पाण्यात उतरतं. नाशिकखाली काळा बसाल्ट आहे, गोष्ट वेगळी. म्हणून घाबरायचं कारण नाही. पण गाळ नाही म्हणजे आर्सेनिक नाहीच, हेही चूक. गडचिरोलीपलीकडे, छत्तीसगडमधल्या कौडीकसा गावात, कठीण खडकाच्या प्रदेशात ते विहिरींत सापडलं. 1999 मध्ये त्यावर शोधनिबंध निघाला.

विष म्हणजे तडफडून मृत्यू, हे चित्र कथा-कादंबऱ्यांतल्या सोमलाचं, म्हणजे आर्सेनिकच्या विषाचं. पाण्यातून थोडंथोडं जाणारं आर्सेनिक वर्षानुवर्षं गप्प असतं. मग अंगावर पावसाच्या थेंबांसारखे डाग उठतात, तळहात-तळपाय खरखरीत आणि जाड होतात. त्वचा, फुप्फुस आणि मूत्राशय यांचा कर्करोग त्यानं होतो, हे सिद्ध झालेलं आहे.

माझ्या मते नाशिककराने नळापेक्षा भस्माच्या पुडीची काळजी जास्त करावी. पोथीतली चूक झाकायला लेखनिक पिवळी हरताळ फाशीत. ‘हरताळ फासणे’ तिथूनच आलं. ती हरताळ आणि मनशीळ ही आर्सेनिकची गंधकाबरोबरची संयुगं, आणि दोन्ही रसौषधांत, म्हणजे धातू-खनिजांपासूनच्या आयुर्वेदिक औषधांत, वापरतात. ‘आयुर्वेदिक म्हणजे अपाय नाही’ हा समज इथे जिवावर बेतू शकतो. औषधविषयक नियमांच्या ई(1) परिशिष्टात या दोन्हींची नावं विषारी द्रव्यांत आहेत, आणि अशा औषधावर ‘वैद्यकीय देखरेखीखालीच घ्या’ ही सूचना छापावी लागते. रस्त्यावर कागदात बांधून मिळणाऱ्या भस्मावर ती कोण छापणार? बोस्टनमध्ये विकल्या जाणाऱ्या 70 आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी 2004 मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा सुमारे पाचव्या भागात शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं होतं.

2020 मध्ये घरोघरी वाटलेल्या ‘आर्सेनिक अल्बम 30’ या होमिओपॅथिक गोळ्यांची भीती मात्र निराधार. इतक्या विरलतेत मूळ द्रव्याचा रेणूही उरत नाही. त्यामुळे विषबाधा नाही. करोनापासून संरक्षण झाल्याचाही पुरावा नाही.

दीर्घकाळ असं भस्म घेतलेल्याला हातापायांना मुंग्या येत असतील, तर डॉक्टरांना ती पुडीच नेऊन दाखवावी. लघवीच्या तपासणीत आर्सेनिक दिसतं. तपासणीआधी चार-पाच दिवस मासे, कोळंबी टाळावी. त्यांतलं निरुपद्रवी सेंद्रिय आर्सेनिक आकडा उगाच फुगवतं.