रेकॉर्डिंगच्या धंद्यासाठी हेडफोन: आवाज कसा पारखायचा, पैसा किती घालायचा?



चोपड्यासारख्या गावात छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ चालेल का, हे आता कोणी विचारत नाही. ‘हाई झुमका वाली पोर’सारखं अहिराणी गाणं खान्देशाबाहेरच्या लग्नांतही वाजलं, हे सगळ्यांनी पाहिलंय. गाणी सोडा, रोजची कामं बघा: रिक्षावरची जाहिरात, साडीच्या दुकानाचा सेल, निवडणुकीचा प्रचार, लग्नाच्या व्हिडिओमागचा आवाज. कामं आहेत. अडतं ते भांडवलापाशी, आणि त्यातही एका प्रश्नापाशी: “सर, दीड हजारवाला हेडफोन घेऊ की दहा हजारवाला?”

आधी फरक समजून घ्या. गाणी ऐकायच्या बऱ्याच हेडफोनमध्ये बेस मुद्दाम वाढवलेला असतो, ऐकणाऱ्याला मजा यावी म्हणून. स्टुडिओ मॉनिटर हेडफोनचं काम वेगळं. जे रेकॉर्ड झालंय ते, चुकांसकट, दाखवायचं. बेस फुगवणाऱ्या हेडफोनवर तुम्ही गाणं मिक्स केलं, तर तुम्हाला वाटतं ढोल भरपूर झालाय, म्हणून तुम्ही तो कमी करता. गिऱ्हाईक तेच गाणं गाडीत लावतं आणि ढोल गायब! मग फोन येतो, “भाऊ, परत करून द्या.” तो परत करून देण्याचा खर्च तुमच्या खिशातून जातो.

म्हणून दुकानात गेलात की दुकानदाराने लावलेलं धमाकेदार गाणं ऐकून ठरवू नका. मोबाईलमध्ये स्वतःचं रेकॉर्डिंग घेऊन जा. दोन मिनिटं साधं बोललेलं, पंखा चालू असताना. त्यात ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचतात का, ‘प’ आणि ‘फ’ला माइकवर हवेचा धक्का बसलेला कळतो का, दोन वाक्यांमध्ये पंख्याची घरघर ऐकू येते का, हे बघा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे अर्थिंग नीट नसेल तर रेकॉर्डिंगमध्ये ५० आणि १०० हर्ट्झचा बारीक गुणगुणाट येतो. ज्या हेडफोनवर हे दोष उघडे पडतात, तो कामाचा. ज्यावर तुमचा आवाज लगेच रेडिओवाल्यासारखा गोड लागतो, त्याच्यावर जरा संशय घ्या.

एकट्या माणसाचा आवाज डोक्याच्या बरोबर मध्ये ऐकू आला पाहिजे. एका बाजूला सरकत असेल तर हेडफोन उलटा घालून बघा. ओढ दुसऱ्या कानाकडे गेली, तर हेडफोनच्या दोन बाजू सारख्या नाहीत. तो माल ठेवून द्या.

दोन हेडफोनची तुलना करताना मात्र आवाजाची पातळी सारखी करून घ्या. इथे भलेभले फसतात. थोडा मोठा वाजणारा हेडफोन आपल्या कानाला नेहमी चांगलाच वाटतो. एकाच मोबाईलवर कमी ओहमचा हेडफोन बहुतेक वेळा मोठा वाजतो, म्हणजे तो सरस ठरत नाही. चष्मा लावत असाल तर चष्म्यासह घालून बघा, कारण गादी आणि कानामध्ये फट राहिली की बेस पळून जातो. आणि किमान वीस मिनिटं घालून बसा. मे महिन्यात आपल्याकडे काय होतं ते मी सांगायला नको.

खोक्यावरच्या आकड्यांचं काय? माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झ ऐकू येतं, आणि स्वस्तातला हेडफोनही खोक्यावर तेवढं लिहितोच. आवाज कुठे वर-खाली होतो, ते त्या आकड्यातून कळत नाही. किमतीवरूनही कळत नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २८३ हेडफोन मोजले होते. फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स आणि किंमत यांचा संबंधच सापडला नाही. जास्तीचा पैसा बहुतेकदा बांधणी, वायर, गाद्या आणि नावाचा असतो.

धंद्यात बांधणीलाही किंमत आहे, हेही तितकंच खरं. सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ पासूनचा मॉडेल आजही स्टुडिओत दिसतो. तो ६३ ओहमचा आहे, पण वायर हेडफोनलाच जोडलेली. ऑडिओ-टेक्निकाच्या एटीएच-एम५०एक्सची वायर निघते, म्हणजे वायर तुटली तर फक्त वायर बदलायची. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहममध्ये मिळतो. साध्या साउंड कार्डावर २५०वाला घेऊ नका, आवाज कमी पडेल. हे तिन्ही बंद प्रकारचे आहेत. माइकसमोर बसून बोलणाऱ्याला बंदच लागतो. उघड्या किंवा अर्ध्या उघड्या हेडफोनमधला आवाज बाहेर येऊन माइकमध्ये शिरतो.

आता हिशोब. समजा हेडफोन ९,००० रुपयांचा, ३ वर्षं टिकला. महिन्याला २५० रुपये. महिन्याला २० कामं असतील तर एका कामामागे साडेबारा रुपये. ५०० रुपयांचं एक काम परत करण्यात अर्धा दिवस गेला, तर नुकसान याच्या कितीतरी पट. पण महिन्याला ४ कामं असतील, तर हाच आकडा कामामागे साडेबासष्टवर जातो. तेव्हा माझं स्पष्ट मत: सुरुवातीला स्वस्त पण बंद हेडफोन घ्या, उरलेला पैसा माइकवर घाला आणि खोलीच्या भिंतींवर जाड गोधड्या टांगा. घुमणाऱ्या खोलीत केलेलं रेकॉर्डिंग महागड्या हेडफोनने सुधारत नाही, फक्त जास्त स्पष्ट घुमतं.

रिक्षाच्या जाहिरातीचं काम असेल तर शेवटची तपासणी हेडफोनवर करूच नका. भोंगा खालचा जाड आवाज जवळजवळ देतच नाही. फाईल आधी मोबाईलच्या स्पीकरवर आणि जमलं तर प्रत्यक्ष भोंग्यावर वाजवून बघा. शब्द कळले, फोन नंबर कळला, की फाईल द्या.

कानही सांभाळा. ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास ही कामाच्या जागेसाठी वापरली जाणारी मर्यादा आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ८८ला ४ तास. एडिटिंग हळू आवाजात करा.

घेताना पक्कं बिल घ्या, कारण नावाजलेल्या मॉडेलचा नकली मालही बाजारात असतो. जीएसटी नोंदणी असेल आणि कंपोझिशन योजनेत नसाल, तर बिलावर आपला जीएसटी नंबर टाकून घ्या, इनपुट क्रेडिट मिळेल. ऑनलाइन मागवलात तर परत करायची मुदत किती दिवसांची ते आधी बघा, आणि वर सांगितलेल्या सगळ्या तपासण्या पार्सल आल्याच्या दिवशीच करा.