सांता मोनिकाचा चौक आणि गोव्याची औषधविद्या

खानापूर तालुक्यातील देगावच्या रानात उगम पावणारी म्हादई घाट उतरून गोव्यात मांडवी होते आणि जुन्या गोव्याला वळसा घालून समुद्राकडे जाते. तिथल्या टेकडीवर आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांनी १६०६ साली सांता मोनिका हा ख्रिस्ती संन्यासिनींचा मठ स्थापन केला. १६३६ च्या आगीनंतर तो पुन्हा बांधला गेला. मठाच्या मध्यभागी ‘क्लॉइस्टर’ आहे, म्हणजे चौसोपी वाड्याप्रमाणे मोकळ्या चौकाभोवती फिरणारी, कमानींनी झाकलेली वाट.

अशा मठांशी युरोपात औषधी बागही जोडलेली असे. स्वित्झर्लंडमधील सेंट गॉल मठात जतन झालेल्या, सुमारे ८२० सालच्या आराखड्यात वैद्याच्या घराशेजारी सोळा वाफे काढलेले असून त्यांत सेज, रोझमेरी, पुदिना अशा वनस्पतींची नावे लिहिली आहेत. कमानी आणि चौक यांची रचना गोव्यात जशीच्या तशी उभारता आली; औषधविद्येचे मात्र तसे नव्हते, कारण इथले ज्वर आणि अतिसार वेगळे, त्यांवरची झाडेही वेगळी, आणि ती ओळखणारे लोक मठाच्या भिंतीबाहेर होते.

हे आधीच ओळखले होते ते १५३४ मध्ये गोव्यात आलेल्या गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने. भारतातील औषधींविषयीचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला; त्यात आले, वेलदोडा, हिंग, भांग यांची चर्चा आहे आणि मालुपा नावाच्या हिंदू वैद्याचा नावानिशी उल्लेख आहे. एवढ्या मोकळ्या मनाच्या माणसाच्या अस्थी, तो गुप्तपणे ज्यू धर्म पाळत होता या आरोपावरून, १५८० मध्ये धर्मन्यायालयाने उकरून जाळल्या, ही गोव्याच्या इतिहासातील अत्यंत क्लेशकारक घटना होय.

चर्चची भूमिकाही अशीच कठोर होती. १५६७ च्या धर्मपरिषदेने ख्रिस्ती लोकांना हिंदू वैद्यांकडून उपचार घेण्यास मनाई केली. तरीही लोक त्यांच्याकडे जात राहिले, इतके की १६१८ मध्ये नगरपालिकेला शहरातील हिंदू वैद्यांची संख्या तीसवर मर्यादित करावी लागली. जेझुइट संन्याशांच्या औषधशाळेतून पुढे ‘गोवा स्टोन’ ही कस्तुरी, पोवळे, मोती इत्यादी घटकांची गोळी युरोपात गेली आणि सोन्याच्या जाळीदार डब्यांत जपली गेली. तिच्या तुलनेत घाटातल्या मुळ्यांची आणि सालींची माहिती देणाऱ्यांची नावे क्वचितच नोंदली गेली.

अपवाद कोचीत घडला. ‘हॉर्तुस मलाबारिकुस’ या १६७८ पासून ॲम्स्टरडॅममध्ये छापलेल्या बारा खंडी वनस्पतिग्रंथाच्या पहिल्या खंडात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोचीतील कोंकणी भाषक वैद्यांचे १६७५ चे प्रमाणपत्र नागरी लिपीतच, त्यांच्या नावांसह छापलेले आहे.