मुंबईच्या मोर्चापासून डहाणूच्या कोर्टापर्यंत

१८ एप्रिल १९६६ रोजी समाजसुधारक हमीद दलवाईंनी सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. मागणी होती तोंडी तलाक बंद करण्याची. नवरा चार वर्षे बेपत्ता असला किंवा दोन वर्षे पोसत नसला, तर १९३९ च्या कायद्याने बायकोला कोर्टातून फारकत मागता येई. नवऱ्याला मात्र कोर्टाची पायरीसुद्धा चढावी लागत नव्हती.

घटस्फोटितेच्या पोटगीचा शाहबानो निकाल (१९८५) आणि तो बोथट करणारा पुढच्याच वर्षीचा कायदा सर्वांना ठाऊक आहे. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो औरंगाबाद खंडपीठातला २ मे २००२ चा दगडू पठाण खटल्याचा निकाल. ‘मी तलाक दिला आहे’ एवढे कैफियतीत लिहून भागणार नाही; कारण काय होते, दोन्हीकडच्या मध्यस्थांनी समेट घडवायचा प्रयत्न केला का, हे पुराव्याने शाबीत करा, असे पूर्णपीठाने बजावले. सर्वोच्च न्यायालयाने शमीम आरा खटल्यात असेच म्हटले ते पाच महिन्यांनी. आपल्या मराठवाड्यातल्या या निकालाची आठवण फार कमी काढली जाते, याचे मला वाईट वाटते.

२२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने एका दमातला तिहेरी तलाक रद्द झाला. हमीद दलवाईंच्या पत्नी मेहरुन्निसा त्याच वर्षी जूनमध्ये गेल्या. तो निकाल त्यांना पाहता आला नाही. २०१९ च्या कायद्याने असा तलाक हा तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा ठरला, मग तो आखातातून मोबाईलवर धाडलेला का असेना. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्वसाधारण पोटगीचा मार्ग घटस्फोटित मुस्लिम महिलेलाही खुला असल्याचे स्पष्ट केले. नवरा दुबईत असला तरी डहाणूतल्या बाईला ती राहते तिथे, म्हणजे डहाणूतच, अर्ज करता येतो. वसुली मात्र परदेशातून सोपी नसते. तिथे हाती कागद लागतो.

तो कागद म्हणजे निकाहनामा. त्यात मेहरचा रकाना असतो: रक्कम किती, त्यातली लगेच किती, नंतर किती. लग्नाच्या गडबडीत तिथे नाममात्र आकडा पडतो, आणि पुढे भांडणाच्या वेळी तोच आकडा वाचला जातो. मुलगी उंबरगावला द्या नाहीतर दुबईला. तो रकाना वडीलधाऱ्यांनी मुलीला विचारून भरावा, नगरपरिषदेत किंवा ग्रामपंचायतीत लग्नाची नोंद करावी आणि निकाहनाम्याची एक प्रत तिच्या माहेरी ठेवावी.