तान्ह्या बाळाचें अंथरूण

आमचें पळसदेव हें गांव इंदापूर तालुक्यांत, उजनीच्या जलाशयाच्या कांठीं वसलेलें आहे. पौषांत पाण्यावरून येणारा वारा अंगाला झोंबूं लागला, कीं बाळंतिणीच्या खोलीचीं दारें-खिडक्या बंद होतात, शेगडी पेटते आणि तान्ह्या बाळावर दुपट्यावर दुपटें, त्यावर गोधडी, असे थर चढूं लागतात. ऊसतोडणीस आलेल्या मजुरांच्या तळावर याच दिवसांत झाडाला लुगड्याच्या झोळ्या लोंबतांना दिसतात. शहरांतील श्रोत्यांच्या घरीं झोळीच्या जागीं स्प्रिंगचा पाळणा आणि गोधडीच्या जागीं मऊ रजई, एवढाच काय तो फरक. माया दोन्हीकडे सारखी आणि धोकाही बहुतेक सारखाच.

हा धोका कोणता? रात्रीं धडधाकट निजलेलें मूल सकाळीं गतप्राण आढळतें. कित्येकदां गुदमरणें हें उघड कारण असतें. कित्येकदां शवपरीक्षेनंतरही कारण सांपडत नाहीं. असे बहुतेक मृत्यु पहिल्या सहा महिन्यांतले. आपल्याकडे 'दृष्ट लागली' म्हणून लोक गप्प बसतात आणि अंथरुणाकडे कोणी पाहात नाहीं.

युरोप-अमेरिकेंत १९५० नंतर कित्येक वर्षें मुलांना पालथें निजविण्याचा सल्ला नामांकित डॉक्टर देत असत. उताण्या मुलास ओकारी झाली तर ती घशांत अडकेल, असा त्यांचा तर्क होता. शरीररचना पाहिली म्हणजे तो टिकत नाहीं. बाळ उताणें असतां श्वासनलिका वरच्या बाजूस व अन्ननलिका तिच्याखालीं असते. ओकारीला श्वासनलिकेंत शिरावयाचें तर वर चढावें लागतें. मूल पालथें केलें कीं हीच मांडणी उलटी होते. शिवाय नाक अंथरुणांत रुतून, सोडलेलीच हवा बाळ पुन्हा पुन्हा आंत घेतें. आणि प्राणवायु कमी पडतांच दचकून जागें होण्याची शक्ति त्या वयांत पुरती आलेली नसते. इंग्लंडांत १९९१ सालीं व अमेरिकेंत १९९४ सालीं 'मुलांस उताणें निजवा' अशी मोहीम निघाली. पुढील दहा वर्षांच्या आंत अमेरिकेंतील असे मृत्यु पुष्कळ कमी झाले. कुशीवर निजविणेंही बरें नव्हे, कारण कुशीवरचें मूल सहज पालथें होतें.

आतां मोहरीच्या उशीविषयीं. डोकें वाटोळें व्हावें म्हणून ती देतात. पण वर्षाच्या आंतील मुलास कोणतीच उशी नको. ती सरकून तोंडावर येते, किंवा मान पुढें वांकवून श्वासाची वाट अरुंद करते. डोक्याचा चपटेपणा बहुधा पुढें आपोआप कमी होतो. मूल जागें असतांना, कोणी समोर बसून, त्यास थोडा वेळ पालथें खेळवावें म्हणजे झालें. अंथरूण सपाट व घट्ट असावें. हातानें दाबलें असतां खड्डा पडूं नये. लोड, तक्के, कापसाचीं खेळणीं पाळण्याबाहेर. गळ्यांतला ताईत-दोरा निजवितांना काढावा, हें सांगितल्यास आजीबाई रागावतील, तरीही सांगितलें पाहिजे.

थंडीचें काय? हा प्रश्न योग्य आहे, कारण नवजात मूल गारठणें हें आपल्या खेड्यांत प्रत्यक्ष संकट आहे. गडचिरोलींत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनें १९९५ पासून ३९ गांवांत घरोघर नवजात बाळांची शुश्रूषा करविली. तिसऱ्या वर्षीं तेथील नवजातांचे मृत्यु, तुलनेसाठीं निवडलेल्या गांवांच्या मानानें, ६२ टक्क्यांनीं कमी भरले. याचें श्रेय पुष्कळ उपायांना आहे. त्यांत बाळाला ऊब देणारी शिवलेली पिशवीही होती. सैल गोधडी नाकावर येते. अंगाबेताची पिशवी गळ्यापाशीं थांबते. घट्ट बांधून ठेवण्याची रीत मात्र मूल वळूं पाहूं लागतांच सोडावी. मानेला घाम आला तर एक कपडा कमी करावा. शेगडी तर बंद खोलींत कदापि नको. कोळशाचा विषारी वायु डोळ्यांना दिसत नाहीं कीं नाकाला कळत नाहीं, आणि तो बाळ-बाळंतीण दोघांनाही घेऊन जातो. विडी-सिगारेटचा धूरही तितकाच वर्ज्य.

बाळ आईच्याच खोलींत असावें. निदान पहिले सहा महिने. परंतु त्याचें अंथरूण आईच्या अंथरुणाशेजारीं, निराळें असावें. दारू प्यालेल्या किंवा धूम्रपान करणाऱ्या माणसाच्या कुशींत, अथवा कोचावर, त्यास निजवूं नये. अपुऱ्या दिवसांच्या मुलाविषयीं तर अधिकच जपावें.

राहिली झोळी. तिच्यांत पाठ वांकते, हनुवटी छातीला टेंकते आणि तोंडावर कापड येतें. तरीही उसाच्या फडांत बसलेल्या आईला 'झोळी सोड' म्हणणें सोपें नाहीं. खालीं विंचू-काटा असतो, मुंग्या असतात. न्यूझीलंडांतील माओरी लोकांत गवती पात्यांची सपाट तळाची टोपली विणून, तींत बाळाला आईजवळ निजवितात. तिला ते वाहाकुरा म्हणतात. आपल्या बुरुडास तसा सपाट तळ सांगून बांबूची पाटी करवितां येईल. ती दगडांवर स्थिर ठेवावी, वर मच्छरदाणी ताणून बांधावी, आणि एक मोठें माणूस जवळ असावें.