वाड्यांचा जीर्णोद्धार आणि ‘खण’ ही संज्ञा

पडक्या वाड्याचा जीर्णोद्धार म्हणजे ढासळलेल्या भिंती पुन्हा उभ्या करणे, असा एक समज रूढ आहे. पुण्याच्या पेशवाई धाटणीच्या वाड्यांपुरता तरी तो चुकीचा होय; आणि ही चूक गवंडी-सुतारांच्या बोलीतील ‘खण’ या एका शब्दावरून ध्यानात येते.

जुन्या घराचा विस्तार खणांत सांगत. अमक्याचे घर पाच खणी, तमक्याचे सात खणी. दोन खांबांमधील अंतर म्हणजे एक खण. (चोळीच्या खणाशी त्याचे नाते काय, हा प्रश्न मनोरंजक असला तरी येथे अप्रस्तुत आहे.) घराचे माप खांबांवरून ठरते, याचा अर्थच असा की घर मुख्यतः लाकडी सांगाड्यावर उभे असते. दगडी तळखड्यावर खांब, खांबांवर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर फळ्या आणि त्यांवर मजल्याची माती, अशी ही उतरंड आहे. बाहेरच्या जाड भिंती काही भार पेलतात हे खरे. परंतु आतल्या भिंतींतील विटा पुष्कळदा खांबांमधली पोकळी तेवढी भरून काढतात.

साहजिकच वाडा मरतो तो सांगाड्यापासून. कौले सरकतात, पाणी झिरपते आणि भिंतीत गाडलेले तुळईचे टोक कुजू लागते. अशा वेळी सिमेंटचा गिलावा चढविणे हा उपाय नसून अपाय आहे. माती व चुना यांतून ओल बाहेर पडू शकते, सिमेंट ती आत कोंडते. आणि वरून धडधाकट दिसणाऱ्या भिंतीत लाकडाचा भुसा होतो.

दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबाग वाड्यात १८२१ साली संस्कृत पाठशाळा निघाली. १८७९ च्या आगीत वाड्याचा काही भाग जळाला, तरी पुढेही तेथे कचेऱ्या नांदल्या. वापर सुटला नाही, म्हणून गळती कोणाच्या तरी नजरेस पडत राहिली. खासगी वाड्यांना हे भाग्य क्वचितच लाभले. वारस अनेक, आणि १९४७ च्या कायद्याने गोठलेली भाडी १९९९ च्या नव्या कायद्यानंतरही वर्षाला शेकडा चारनेच वाढणारी. कौले कोणी चाळायची?

वाडा पाडण्यापूर्वी किंवा दुरुस्तीपूर्वी जी मोजणी होते, तिच्या नकाशात प्रत्येक आडव्या लाकडावर ‘बीम’ एवढीच नोंद केली, तर मोठाच घोटाळा होतो. सुताराच्या लेखी तुळई निराळी, कडी निराळी. कडी एकेक करून बदलता येते. तुळईला हात लावण्यापूर्वी मात्र तिच्यावरील साऱ्या कड्या टेकूंवर घ्याव्या लागतात. म्हणून नकाशा करणाऱ्याने जुन्या सुताराला बरोबर घ्यावे आणि प्रत्येक लाकडाचे नाव त्याच्या तोंडून उतरवून घ्यावे. ही नावे सांगू शकणारी माणसे आता फार उरलेली नाहीत.